एका तासाची वजाबाकी

माझ्या आईला मी पन्नास वर्षं काकू म्हणत आले. सख्ख्या आईला. माझा धाकटा भाऊ फाय तिला आई म्हणायचा, दिवसातून शंभरदा, चपला सापडत नाहीत म्हणूनसुद्धा. मी मात्र काकू. आमच्या चिनी वस्तीत अशी मुलं अगदीच नव्हती असं नाही. कुणी बापाला मामा म्हणायचं, कुणी आईला वहिनी. पत्रिकेत आईबापाशी जमत नसलं की ज्योतिषी नातं बदलून द्यायचे. हाक बदलली की दैवाला वाटतं, हे पोर यांचं नव्हेच, आणि ते वाट चुकून पुढच्या घरी जातं. दैव इतकं भोळं असतं यावर आमच्या माणसांचा फार विश्वास. पण बहुतेकांची यातून पुढे कधीतरी सुटका व्हायची. माझीही झाली होती. तरी मी काकूच म्हणत राहिले, आणि त्यात दोष ना ज्योतिष्याचा, ना दैवाचा. तो माझा. कागदावर मला आई असं लिहिता येतं. जिभेचं मात्र कधी जमलं नाही.

तिचं नाव थाम लाय-फाँग. साय-यिंग-पुन या आमच्या बंदराकाठच्या भागातल्या सुक्या मासळीच्या बाजारात तिला सगळे फाँगताई म्हणत. फुई मालकांच्या पेढीत ती सदतीस वर्षं शिंपल्यांचे सुके गर निवडायला बसायची. समोर मोठं सूप, बाजूला सहा टोपल्या. गर उचलायचा, अंगठ्याखाली एकदा फिरवायचा आणि न बघता टोपलीत टाकायचा. आकार, वाळण, चिरा, सगळं तिला त्या एका फिरवण्यात कळायचं. सिंगापूरचे व्यापारी तिच्या टोपल्या परत तपासत नसत. एका नवख्याने तपासायला घेतल्या तेव्हा ती म्हणाली, "बघा, बघा, सगळं बघा. तुमचं अंथरूण इथेच घालू का?" तो बिचारा पुढची वीस वर्षं तिच्यासाठी संत्री घेऊन यायचा.

चौथीत शाळा सुटलेली बाई, पण तोंडी आकडेमोडीत तिचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं. त्याचा तिला भारी अभिमान. "मला कुणी शेंडी लावून दाखवावी," हे तिचं ठरलेलं वाक्य. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं या अभिमानातूनच झालं.

मी जन्मले १९६८ च्या जूनमध्ये. बाळंतपण वाईट झालं. आईचं रक्त थांबेना, मग सहा दिवस ताप. ती जाते की राहते अशी वेळ आली होती. घरी आल्यावर महिना पुरा झाला, बाळाच्या महिन्याची लाल अंडी वाटून झाली, आणि ती मला पाठीशी बांधून आमच्याच शहरातल्या हॉलीवूड रोडच्या देवळाजवळ बसणाऱ्या सो-मास्तरांकडे गेली. सो-मास्तर आंधळे होते. बोटांच्या पेरांवर मोजून पत्रिका सांगायचे, आणि त्यांचं सांगणं चुकत नाही अशी ख्याती होती. त्यांनी जन्मवेळ विचारली.

त्या काळी सरकार दर उन्हाळ्यात सगळ्या शहराची घड्याळं एक तास पुढे ढकलायचं. मी झाले तेव्हा प्रसूतिगृहातल्या घड्याळात दुपारचे चार पस्तीस झाले होते. आईने स्वतः पाहिलं होतं, तशा अवस्थेतही. पण सूर्याला सरकारी हुकूम लागू होत नाही आणि पत्रिका चालते सूर्यावर. उन्हाळ्यात जन्मलेल्या पोराच्या वेळेतून एक तास वजा करायचा असतो, हे बाजारातल्या निम्म्या बायांना ठाऊक नव्हतं. आईला होतं. तिने वजाबाकी केली आणि सांगितलं, "तीन पस्तीस."

सो-मास्तरांनी पेरं मोजली.  मग म्हणाले, आई आणि मुलगी यांचं एकमेकींशी जमत नाही, आई म्हणून हाक मारू देऊ नका, काकू म्हणू दे.

याहून जास्त काय म्हणाले ते त्या दोघांनाच माहीत. माझ्यापर्यंत जे आलं ते आजीच्या, म्हणजे बाबांच्या आईच्या तोंडून. तिने दोन वाक्यांत निकाल लावला होता. "ही पोरगी आईच्या मुळावर आलीय. येतानाच तिला गिळत होती." हे ती माझ्यासमोर शेजारणींना सांगायची, वर माझ्या ताटात माशाचा तुकडाही वाढायची. आई ऐकत असायची. तिने आजीचं बोलणं कधी खोडून काढलं नाही.

त्यामुळे मी असं समजूनच वाढले की माझ्या तोंडात एक शब्द आहे, आणि तो बाहेर पडला की फाँगताई मरणार. मी पाच-सहा वर्षांची असताना तिने मला एकदा पट्टीने मारलं. मी रागाने जिन्यात जाऊन बसले आणि तो शब्द अर्धा उच्चारला. "आ—" एवढाच. मग माझंच धाबं दणाणलं. धावत वर आले तर ती पालेभाजी निवडत होती. मी दारात उभी राहून तिच्या श्वासाकडे बघत राहिले. "काय गं, तोंडात माशी गेली का?" ती म्हणाली. मी रडायला लागले तर तिला वाटलं, पट्टी जोरात लागली.

शाळेत तर मजाच होती. सुत-वाह नावाची एक मुलगी माझ्या बाकावर बसायची. आई न्यायला आली की मी ओरडायची, "काकू, इथे!"

"तुझी आई का येत नाही गं?" सुत-वाहने विचारलं.

"हीच आई."

"मग काकू कोण?"

"तीही हीच."

सुत-वाहने बराच विचार केला. "म्हणजे तुझ्या बाबांनी काकाची बायको पळवली?"

दुसऱ्या दिवशी वर्गभर झालं होतं. पुढच्या वर्षी नवी कथा निघाली, की मला होडीवाल्यांकडून विकत आणलं आहे. ही मला जास्त खरी वाटली. मी आरशात माझं नाक आणि आईचं नाक ताडून बघायची. नाक तेच होतं, चपटं आणि जरा डावीकडे झुकलेलं. तरी खात्री पटायची नाही.

सो-मास्तरांनी बदलली होती फक्त हाक. पण हाक बदलली तशी बाकीही पुष्कळ गोष्टी बदलल्या. फाय आईच्या मांडीवर लोळायचा, मी समोरच्या स्टुलावर बसायची. त्याचे केस ती विंचरायची, माझे आजी. मला ताप आला की ती खाटेच्या पायाशी बसायची, उशाशी नाही. चालताना तिने माझा हात धरला तर मनगटाला धरायची, जसं परक्याच्या मुलीला गर्दीतून नेतात. पंधराव्या वर्षी मी या सगळ्याचा अर्थ लावून मोकळी झाले. तिला स्वतःचा जीव प्यारा आहे, म्हणून तिने मला चार हात लांब ठेवलं. त्या वयात लावलेले अर्थ घट्ट बसतात. नंतर ते कुणी तपासायला घेत नाही.

पंचाण्णव साली माझं लग्न ठरलं. मुहूर्त काढायला मी आणि आई वान-चायमध्ये लुंग नावाच्या तरुण ज्योतिष्याकडे गेलो. सो-मास्तर जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. लुंगचं कार्यालय चौदाव्या मजल्यावर होतं, पण पाटीवर पंधरावा लिहिलेलं, कारण आमच्याकडे चार या आकड्याचा उच्चार मरणासारखा होतो आणि चौदावा मजला भाड्याने कुणी घेत नाही. आत गार हवा, संगणक, आणि कोपऱ्यात शेअरचे भाव दाखवणारा टीव्ही. आमच्या आधी बसलेला कोटवाला माणूस जहाजाचा माल कुठल्या दिवशी उतरवावा ते विचारून गेला.

"मुलीची जन्मवेळ?" लुंगने विचारलं.

"दुपारचे तीन पस्तीस," आई म्हणाली.

त्याने आकडे ठोकले. "अडुसष्ट, जून. म्हणजे उन्हाळी घड्याळ. एक वजा, दोन पस्तीस. शेळीचा प्रहर." आमच्या पत्रिकेत दिवसाचे बारा प्रहर असतात, दोन-दोन तासांचे, आणि प्रत्येकाला एका जनावराचं नाव.

"अहो, थांबा. मी वजा करूनच सांगितलंय. घड्याळात चार पस्तीस होते."

लुंग खुर्चीत मागे रेलून हसला. "वा, मावशी! हजारात एखादी बाई वजा करून येते. बरं झालं बोललात. नाहीतर आम्ही सरसकट वजा करतो."

"सरसकट?"

"सगळेच करतात. जुने लोक तर विचारायचेसुद्धा नाहीत. त्यांना वाटायचं, बायांना काय कळतंय त्यातलं."

आईने मांडीवरची पर्स उचलली आणि परत मांडीवर ठेवली. "हॉलीवूड रोडचे सो-मास्तर?"

"आंधळे सो? ते माझ्या गुरूंचे गुरू. फार काटेकोर माणूस. उन्हाळ्यातलं पोर म्हटलं की तास कापलाच त्यांनी. का हो?"

 लुंगने दुरुस्त वेळ घातली. माकडाचा प्रहर. यंत्रातून कागद सरसर बाहेर आला. त्याने तो वाचला आणि म्हणाला, चांगली पत्रिका आहे, आणि आईशी तर फारच छान जमतं, अशी मुलगी आईला म्हातारपणी सांभाळते.

"आता शेळीचा प्रहर घालून बघा," आई म्हणाली.

"कशाला? तो चुकीचा आहे."

"बघा म्हणते ना मी!"

त्याने घातला, पडद्याकडे पाहिलं आणि तोंडाने च्‌ च्‌ केलं. "हे मात्र आई-मुलीला वाईट. पण हे तुमचं नाहीच ना, मावशी. हसा बघू." आईने मुहूर्ताचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उठली. हसली नाही.

परतताना आम्ही ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसलो. ती खिडकीशी, मी शेजारी. सेंट्रल आलं, बँकांच्या इमारती गेल्या. मग एकदम म्हणाली, "त्यांनीही केला आणि मीही केला."

"काय?"

"वजा. दोघांनी." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मी नुसतं चार पस्तीस सांगितलं असतं, एखाद्या अडाणी बाईसारखं, तर काही झालं नसतं."

मला तेव्हा तिची कीव यायला हवी होती. सदतीस वर्षांत एक शिंपला चुकीच्या टोपलीत न टाकणारी बाई, तिने सत्तावीस वर्षं मुलगी चुकीच्या टोपलीत ठेवली होती, आणि ते तिला भर रस्त्यात, ट्राममध्ये बसून कळत होतं. पण माझ्या डोक्यात सुत-वाह होती, आरसा होता, स्टूल होतं. रागाने माझे कान तापले.

"आ-मान," ती म्हणाली. आ-मान म्हणजे मी. "आता तशी काही हरकत नाही. म्हणजे तुला वाटलं तर तू मला..."

"तर काय?"

"तेच गं." तिला स्वतःच्या तोंडाने तो शब्द म्हणता येईना. बाजारभर तोंडाचा पट्टा चालवणारी फाँगताई, आणि खिडकीच्या काचेवर बोट घासत बसली होती.

मी म्हणाले, "सत्तावीस वर्षं तुला तुझा जीव प्यारा होता. आता धोका टळला, म्हणून मी आई म्हणू? फार सोयीचं आहे तुझं, काकू."

पुढच्या बाकावरचा माणूस मागे वळून बघायला लागला. आई मला काहीतरी सांगणार होती. तिने तोंड उघडलंही होतं. मग तिने बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "चल, आपला थांबा आला." थांबा आला नव्हता. आम्ही एक थांबा आधी उतरून चालत घरी गेलो.

घरी तिने बाबांना सांगितलं. बाबा बंदरात माल वाहणाऱ्या होड्यांवर काम करायचे, मोकळा माणूस. ते आधी पोट धरून हसले आणि मग तिचा चेहरा बघून थांबले. "सो-मास्तरांना सांगायचं ना, वजा केलंय म्हणून."

"मला वाटलं, त्यांना कळेल."

"आंधळ्याला काय दिसणार, तुझ्या डोक्यात काय आहे ते?"

"त्यांना काही बोलू नका," ती म्हणाली. "त्यांचं काय चुकलं? मीच मोठी शहाणी."

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरी आईवडिलांना चहा देते. गुडघ्यावर बसायचं, दोन्ही हातांनी पेला पुढे करायचा, नातं उच्चारून चहा घ्या म्हणायचं. नातं उच्चारल्याशिवाय पेला कुणी हातात घेत नाही. प्रत्येक वाक्य आधी म्हणून दाखवायला आम्ही एक पाठराखीण ठरवली होती, वाँगबाई, लाल जाकीट घातलेली, घसा बसलेली. तिला आमच्या घरचं काहीच माहीत नव्हतं.

आई नव्या निळ्या कपड्यांत खुर्चीवर बसली होती. केस सेट करून आली होती. तिच्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं की ती वाट बघते आहे. खोलीत वीस माणसं होती, आणि त्यातल्या निम्म्यांना वजाबाकीची गोष्ट ठाऊक झाली होती. सगळेच वाट बघत होते.

"बाबा, चहा घ्या," वाँगबाई म्हणाली. मी म्हणाले. बाबांनी घेतला, डोळे पुसले.

"आई, चहा घ्या," वाँगबाई म्हणाली.

मी पेला पुढे केला. शब्द अगदी ओठांवर होता, खोटं नाही सांगत. पण आईच्या चेहऱ्यावर ती आशा दिसली आणि माझ्यातलं काहीतरी आडवं आलं. म्हटलं, इतकं स्वस्तात नाही. मी स्पष्ट आवाजात म्हणाले, "काकू, चहा घ्या."

वाँगबाईला वाटलं, नवरी गोंधळली. "अगं, आई! आई, चहा घ्या," तिने समजावून सांगितलं.

"काकू, चहा घ्या."

कुणीतरी खोकलं. फायने मान खाली घातली. आईने दोन्ही हातांनी पेला घेतला. रीत एक घोट घेण्याची असते, तिने सगळा पेला रिकामा केला, सावकाश, कढत चहा. मग माझ्या हातात सोन्याच्या बांगड्या घातल्या. घालताना तिचा अंगठा माझ्या मनगटावरून एकदा फिरला, शिंपला तपासावा तसा. "आमच्याकडे असंच म्हणतात," ती वाँगबाईला म्हणाली. "चालू द्या पुढचं."

तो राग दोन महिन्यांत उतरला. शरम मात्र राहिली, आणि शरमेनेच तोंडाला कुलूप लावलं. आता म्हणायचं तर कसं? फोनवर? "हॅलो, आई," म्हणून? ती विचारेल, कोण बोलतंय. नववर्षाला? सगळे माझ्या तोंडाकडे बघणार. मी लिफ्टमध्ये एकटी असताना म्हणून बघायची. दार उघडेपर्यंत म्हणता यायचं. तिच्या दारात उभी राहिले की तोंडातून काकू बाहेर पडायचं, सरावाने, आणि ती म्हणायची, "आलीस? सूप गरम आहे."

पुढे मला मुलगी झाली. ती मला आई म्हणायला लागली तेव्हा आई टक लावून आमच्याकडे बघायची. हेवा नव्हता त्यात. भुकेल्या माणसाने दुसऱ्याला जेवताना बघावं, तेवढंच. हे मला दिसत होतं. मी दर वेळी ठरवायची, पुढच्या खेपेला. तेवीस वर्षं मी पुढच्या खेपेला म्हणत होते. दवाखान्यात, बाजारात, चहाच्या हॉटेलात ती अभिमानाने सांगायची, "ही माझी मुलगी," आणि लगेच मी म्हणायची, "काकू, पाणी घेतेस?" लोक चमकायचे. मग तीच मला सांभाळून घ्यायची. "लहानपणी पत्रिकेमुळे ठेवलंय तसं. बरं असतं ते." चूक उघडकीला आल्यानंतरही ती हेच सांगत राहिली. मला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून.

बाबा गेले. मग आईचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग गल्ल्या, मग माणसं. फुई मालकांची पेढी केव्हाच बंद होऊन तिथे औषधांचं दुकान आलं होतं, तरी ती सकाळी तिथे जाऊन उभी राहायची. घरी शेंगदाणे दिले की आकाराप्रमाणे सहा वाट्यांत लावून ठेवायची, आणि त्यात चूक नसायची. मला बहुतेक वेळा ओळखायची. डॉक्टरांनी सांगितलं, अलीकडचं आधी पुसलं जाईल, जुनं शेवटपर्यंत राहील. मी ते ऐकलं आणि त्याचा पुढे कधी विचार केला नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरात तिची छाती भरली आणि तिला इस्पितळात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, काय बोलायचं ते बोलून घ्या. आता पुढची खेप नव्हती. दुपारी भेटीच्या वेळेला फाय थर्मास भरायला गेला. मी खुर्ची खाटेला भिडवली. उशाशी बसले. तिचा हात हातात घेतला, बोटांना धरून, मनगटाला नाही. तोंड तिच्या कानाजवळ नेलं.

"आई," मी म्हणाले.

तिने डोळे उघडले. मला वाटलं होतं, ती हसेल, किंवा रडेल, किंवा तिला कळणारच नाही. यातलं काही झालं नाही. ती घाबरली. सुई लावलेला हात तिने एकदम वर केला आणि माझ्या तोंडावर दाबून धरला. इतका जोर तिच्यात कुठून आला कोण जाणे.

"गप्प! गप्प बस, आ-मान! कुणी ऐकलं का?" तिने दाराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "काकू म्हण. लवकर काकू म्हण."

मी तिचा हात बाजूला केला. "अगं, ते चुकीचं होतं. तू तास वजा केला होतास, मास्तरांनीही केला. आठवतं का? आपण लुंगकडे गेलो होतो."

"कोण लुंग? सो-मास्तर खोटं सांगत नाहीत." ती धापा टाकत होती. "मला म्हणाले, तुला काही होणार नाही, तू म्हातारी होशील. पोर राहायची नाही म्हणाले. आई म्हणायला लागली की तुझ्या पायगुणाने दहा वर्षंसुद्धा काढायची नाही. मी म्हटलं, नको म्हणू दे मग. मला काय करायचंय आई म्हणवून घेऊन? जगू दे तिला."

 म्हणजे मी तिच्या मुळावर आले नव्हते. तीच माझ्या मुळावर आहे असं तिला सांगितलं गेलं होतं, आणि आजीने ते उलटं करून गावभर केलं तरी ती गप्प बसली होती. मरण माझ्यावरच टपलंय हे सांगून मला घाबरवायचं नव्हतं तिला. स्टुलावर, खाटेच्या पायाशी, मनगटाला, सगळीकडे ती स्वतःलाच माझ्यापासून लांब ठेवत होती. ट्राममध्ये तिने तोंड उघडलं होतं ते हे सांगायला. मी तिला जीव प्यारा असल्याचं सुनावलं होतं. आणि चहाचा पेला.

"म्हण ना गं," ती रडायला लागली. "का अशी छळतेस? देऊ का एक ठेवून? काकू म्हण."

"काकू," मी म्हणाले.

"मोठ्याने. दैवाला ऐकू जाऊ दे."

"काकू."

"आणखी."

"काकू. काकू. काकू, मी इथेच आहे."

तिचा श्वास हळूहळू खाली बसला. माझा एक अंगठा तिने मुठीत धरून ठेवला होता. मी थांबले की तिच्या पापण्या हलायच्या, मग मी पुन्हा म्हणायची. शेजारच्या खाटेवरची बाई मघापासून आमच्याकडे बघत होती. ती तिच्या सुनेला म्हणाली, "पुतणी असावी तर अशी. पोटच्या पोरीसुद्धा इतकं करत नाहीत हल्ली."

फाय थर्मास घेऊन दारात उभा होता. तो त्या बाईला सांगायला पुढे झाला. मी मान हलवून त्याला अडवलं. आईला झोप लागत होती आणि मला अजून म्हणायचं होतं.